चढताना वाजते, उतरताना नाही: पंधरा वर्षांच्या गाडीतल्या एका आवाजाचा तपास

पार्श्वभूमी

गाडी २०१० सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. मीटरवर ९४ हजार किलोमीटर. नवी घेतल्यापासून एकाच घरात वापरलेली. मालकीण साताऱ्यातल्या निवृत्त शिक्षिका. इथे त्यांना बाई म्हणतो, कारण गल्लीत आणि गॅरेजमध्येही सगळे त्यांना तसंच हाक मारतात. गाडी त्या स्वतः चालवतात. नेमाचे प्रवास दोनच: यजमानांना तपासणीसाठी पोवई नाक्याकडच्या दवाखान्यात नेणं, आणि आठवड्यातून एकदा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावरच्या गावी, शेतावर जाणं.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो आणि बाईंचा शेजारी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, तपासाचा क्रम मात्र जसा घडला तसा ठेवला आहे.

या प्रकरणाला एक मुदतही होती. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. बाईंच्या गाडीची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपत होती. म्हणजे आवाजाचा निकाल लागल्याशिवाय गाडी ठेवायची की काढायची, हेच ठरत नव्हतं.

अडचण

२०२४ च्या दिवाळीनंतर गाडीच्या पुढच्या बाजूने, बहुधा डावीकडून, टकटक ऐकू येऊ लागली. सैल धातूवर धातू आपटावा तशी, बारीक आणि भरभर. कधी सलग, कधी दोन दिवस अजिबात नाही. वेग वाढला की चाकांच्या घरघरीत ती बुडून जायची. तीस-पस्तीसच्या आत मात्र स्पष्ट.

बाईंनी तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या. सकाळी थंडीत आवाज जास्त येतो. घाट चढताना येतो, उतरताना येत नाही. आणि गॅरेजवाल्याला शेजारी बसवलं की येत नाही.

तिसरी गोष्ट ऐकून गॅरेजमध्ये सगळे हसायचे. मला ती तिन्हींत सगळ्यात मोलाची वाटली. माणूस बदलला की आवाज जातो, तर त्या माणसाच्या असण्याने गाडी चालवण्यात काय बदलतं, हा सरळ तांत्रिक प्रश्न आहे. पण तिथवर पोहोचायच्या आधी दोन महिने आणि बरेच पैसे गेले होते.

पहिली फेरी: काय काय बदललं गेलं

पहिल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी ट्रायल मारली. त्यांच्या गल्लीत तीन गतिरोधक आहेत, तेवढ्यावरून गाडी नेऊन आणली. एक मोठा ‘खट’ ऐकू आला. लिफ्टवर घेतल्यावर दोन्ही लिंक रॉडचे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनमधल्या जोडदांड्यांचे, जॉइंट हाताने हलत होते. लिंक रॉड बदलले, वरची शॉकअप माउंटिंगही (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या रबरी बैठका) सोबत बदलली, अलाइनमेंट केलं. बिल ५,८०० रुपये.

हे काम खोटं नव्हतं. रॉड खरंच गेले होते आणि खड्ड्यातला तो मोठा खट थांबला. टकटक मात्र तशीच राहिली.

दुसऱ्या गॅरेजने लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी सांधे, दाखवले. रबराला चिरा पडलेल्या होत्या, मीही नंतर पाहिल्या. दोन्ही लोअर आर्म आणि स्टिअरिंग रॅकचं काम मिळून १६ हजारांचा अंदाज दिला. तिसऱ्या ठिकाणी ‘चढताना वाजते’ एवढं ऐकूनच इंजिन माउंटिंगवर (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांवर) बोट ठेवलं गेलं. तर्क बरोबर होता: चढावर इंजिनावर ताण येतो, माउंटिंग बसलं असेल तर इंजिन कलतं आणि कुठेतरी टेकतं.

जुन्या गाडीचं दुखणं इथे आहे. पंधरा वर्षांची गाडी लिफ्टवर घ्या, काहीतरी झिजलेलं सापडणारच. बुशला चिरा असतील, माउंटिंग थोडं बसलेलं असेल, एखादा जॉइंट किंचित हलेल. मिस्त्री तो भाग दाखवतो, मालकाला तो डोळ्यांनी दिसतो, आणि कारण सापडलं असं दोघांनाही मनापासून वाटतं. झिजलेला भाग सापडणं आणि आवाजाचं कारण सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या गाडीत त्या बऱ्याचदा एकच निघतात, जुन्या गाडीत क्वचित.

समोर असलेले पर्याय

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्यापुढे चार वाटा होत्या. १६ हजारांचं काम करून टाकायचं. गाडी आहे तशी वापरायची म्हणजे आवाजाकडे दुर्लक्ष करून चालवायची. विकायची. किंवा आणखी काही न बदलता आधी आवाज नेमका कुठला ते शोधायचं.

पहिल्या पर्यायाला त्यांचा विरोध नव्हता. “पैसे जाऊ देत, पण मग आवाज जाईल का?” असं त्यांनी विचारलं, आणि दोन्ही गॅरेजांनी ‘बहुतेक’ एवढंच उत्तर दिलं होतं. विक्रीची चौकशीही झाली होती. पण आवाज करणारी आणि नोंदणी संपत आलेली गाडी म्हटल्यावर फारच कमी भाव मिळत होता. दुर्लक्ष करण्याचा पर्याय मी तेव्हाच बाजूला ठेवायला सांगितला. पुढच्या चाकाजवळचा आवाज बॉल जॉइंटचा (चाक आणि लोअर आर्म यांच्यातल्या सांध्याचा) किंवा टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या सांध्याचा) असू शकतो, आणि हे जॉइंट सुटले तर चाकावर ताबा राहत नाही. घाटात नेमाने ये-जा असणाऱ्या माणसाने हा धोका पत्करू नये.

पहिला निर्णय: गाडी चालवावी की नाही

आवाज शोधायच्या आधी हा प्रश्न सोडवला. आमच्या ओळखीच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी उचलली. चाकाचे नट पान्याने तपासले. प्रत्येक पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडे धरून हलवलं. वर-खाली खेळ (सैलपणा) असेल तर संशय बॉल जॉइंट किंवा बेअरिंगवर, आडवा असेल तर टाय रॉड एंडवर. चाक हाताने फिरवून बेअरिंगची घरघर ऐकली. लोअर आर्मखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून बॉल जॉइंट उचकून पाहिला. कुठेच खेळ नव्हता. बुशच्या चिरा होत्या, पण रबर धातूपासून सुटलेलं नव्हतं.

म्हणजे गाडी जपून चालवता येत होती. यामुळे घाई संपली, आणि मधून मधून येणाऱ्या आवाजाच्या तपासात घाई नसणं फार महत्त्वाचं असतं. आवाजाच्या वेळेला आपल्याला थांबावं लागतं, तो आपल्यासाठी थांबत नाही. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाना, बॅटरीचा क्लॅम्प, सायलेन्सरवरचा पत्रा, नंबरप्लेट हे सगळं त्याच वेळी हलवून पाहिलं. जॅक सैल होता, तो बांधला. टकटक त्याची नव्हती.

दुसरा निर्णय: वही

बाईंनी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. त्यांना म्हटलं, आता आवाजाची वही ठेवा. रस्ता, अंदाजे वेग, गिअर, चढ की उतार, हवा थंड की गरम, काच उघडी की बंद. आणि शेवटचा रकाना मी मुद्दाम घालायला लावला: त्या क्षणी उजवा पाय कशावर होता.

हा रकाना सुचला तो त्या ‘शेजारी कोणी बसलं की येत नाही’ या वाक्यावरून. जाणकार माणूस शेजारी बसला की चालवणारा जपून चालवतो, म्हणजे ब्रेकवर जास्त पाय ठेवतो. मिस्त्री स्वतः चालवतो तेव्हा तो आवाज शोधायला गतिरोधकाकडे जातो, आणि गतिरोधकाआधी ब्रेक दाबतो. दोन्ही वेळा एकच गोष्ट बदलते.

दोन-तीन आठवड्यांत वहीची पानं भरली आणि चित्र बदललं. आवाज खड्ड्यात येत नव्हता, पेव्हर ब्लॉकवर आणि उखडलेल्या डांबराच्या बारीक खडबडीत येत होता. थंडीची गोष्टही निराळी निघाली. एका दुपारी, उन्हात, मोकळ्या रस्त्यावर आवाज भरपूर आला. एका गारठलेल्या सकाळी राजवाड्याजवळच्या गर्दीत अजिबात आला नाही. सकाळी आवाज जास्त येतो, कारण सकाळी रस्ता मोकळा असतो आणि ब्रेकला पाय लागत नाही. घाट चढताना ब्रेकची गरजच नसते. उतरताना बाई दुसऱ्या गिअरमध्ये, वळणावळणाला ब्रेकला हलका स्पर्श करत येतात.

थंडी, चढ आणि शेजारचा माणूस, या तीन खुणा तीन वेगळ्या भागांकडे नेत होत्या: रबर, इंजिन माउंटिंग, आणि ‘भास’. तिन्हींच्या मागे एकच गोष्ट होती. ब्रेकवर पाय नसला की आवाज येतो.

तिसरा निर्णय: आवाज हवा तेव्हा चालू आणि बंद करता येतो का

इथे लगेच ब्रेक उघडण्याचा मोह होतो. तो आवरला, कारण ब्रेक दाबल्याने आवाज थांबतो यावरून ब्रेकच दोषी ठरत नाही. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, लोअर आर्मवर मागच्या दिशेने ताण पडतो, आणि सैल बुश एका बाजूला घट्ट दाबून धरला जातो. त्याचाही आवाज थांबू शकतो. दुसऱ्या गॅरेजचा संशय अजून जिवंत होता.

कॉलनीतली पेव्हर ब्लॉकची सरळ गल्ली निवडली, दुपारची, मुलं शाळेत असतानाची वेळ. गाडी बाईंनीच चालवायची, मी ऐकायचं. त्यांच्या पायाची सवय हाच प्रयोगाचा भाग असल्यामुळे माझ्या हातात स्टिअरिंग घेऊन उपयोग नव्हता.

आधी दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश गेलो. आवाज आला. मग त्याच वेगात क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली. आवाज तसाच. इंजिनावरचा ताण काढूनही फरक नाही, म्हणजे इंजिन माउंटिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकांना पोहोचवणारे दांडे) बरेच मागे पडले. त्यानंतर हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो एक-दोन दात वर घेतला. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर चालतो. आवाज तसाच, म्हणजे मागच्या बाजूला संशय नाही. शेवटी पायाचा ब्रेक इतका हलका टेकवला की वेग जवळजवळ कमी होऊ नये. आवाज त्या क्षणी थांबला. पाय काढला, परत आला. टेकवला, थांबला. वजन पुढे यावं इतका ब्रेक लागलेलाच नव्हता, त्यामुळे बुशवरचा संशय बराच कमी झाला.

बाजू ठरवायला डावीकडची काच उघडून शाळेच्या लांब कंपाउंड भिंतीला लागून गेलो. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कोणत्या बाजूचं चाक वाजतंय ते जास्त स्पष्ट कळतं. परतताना भिंत उजवीकडे होती, तेव्हा उजवी काच उघडली. डावीकडे टकटक मोठी, उजवीकडे अगदी किंचित.

आता आवाज आमच्या हातात होता. माझ्या दृष्टीने तपास इथेच संपला होता. पुढचं काम पान्याचं.

सापडलं काय

डावं चाक काढलं. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, हाताने हलवला तर तीच टकटक. इतके दिवस लिफ्टवर ती कोणाला सापडली नाही, कारण चाक लावलेलं असताना तिथे हात पोहोचत नाही आणि सगळ्यांची नजर सस्पेन्शनवर होती.

अशा डिस्क ब्रेकमध्ये पॅड एका लोखंडी ब्रॅकेटमध्ये बसतात आणि त्यांचे दोन्ही टोकांचे कान ब्रॅकेटच्या खाचेत सरकतात. कान आणि खाच यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलची पातळ स्प्रिंग पत्ती असते. ती पॅडला सरकूही देते आणि धरूनही ठेवते. या गाडीत डावीकडच्या दोन्ही पॅडखाली पत्त्याच नव्हत्या. उजवीकडे होत्या, पण एक वाकलेली. शिवाय डाव्या कॅलिपरची एक गाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) कोरडी पडून घासली होती आणि तिचं रबरी बूट फाटलं होतं.

मग बाईंना विचारलं, ब्रेकचं काम कधी झालं होतं. गेल्या पावसाळ्यानंतर, यजमानांना पुण्याला न्यायच्या आदल्या दिवशी, रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये घाईत पॅड बदलले होते. काय झालं असावं ते ब्रॅकेट पाहून कळत होतं. कासच्या बाजूच्या पावसात वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीच्या ब्रॅकेटला पत्तीखाली गंज फुगतो. खाच अरुंद होते आणि नवा पॅड आत जात नाही. योग्य मार्ग म्हणजे पत्ती काढून, गंज खरवडून, नवी पत्ती बसवणं. सोपा मार्ग म्हणजे पत्तीच काढून टाकणं, की पॅड बसतो. इथे दुसरा मार्ग धरलेला दिसत होता. सुरुवातीला रंग आणि गंजामुळे पॅड घट्ट राहिला असावा. कान घासून गुळगुळीत झाले तसा तो खाचेत नाचू लागला. त्यामुळे काम आणि आवाज यांच्यात काही आठवड्यांचं अंतर पडलं आणि दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात आला नाही.

आमच्या मिस्त्रींनी खाचेतला गंज वायर ब्रशने आणि कानशीने साफ केला. नव्या पत्त्या, नवी गाइड पिन आणि बूट बसवलं. पिनेला ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. चासीला मारतात ते साधं ग्रीस इथे चालत नाही. त्याने बूटाचं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. हा मुद्दा मी मुलांना दरवर्षी सांगतो आणि तरी गॅरेजमध्ये साधं ग्रीस लावलेल्या पिना पाहतो. वाईट वाटतं, कारण पिन अडकली की एकच पॅड झिजतो आणि गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते.

आधी फक्त डावी बाजू पूर्ण केली. तशीच गाडी त्या गल्लीतून फिरवली. मोठी टकटक गेली, उजवीकडची किंचित राहिली. मग उजवी बाजू उघडली. दोन्ही एकदम करता आल्या असत्या, वेळही वाचला असता. पण डावीकडचं कारण खरंच तेच होतं याची खात्री अशीच मिळणार होती.

निष्पत्ती

सामान आणि मजुरी मिळून १,१०० रुपये. टकटक तेव्हापासून आलेली नाही. लोअर आर्म आणि रॅकचं १६ हजारांचं काम झालं असतं तर हा आवाज तसाच राहिला असता.

जुलैमध्ये नोंदणीचं नूतनीकरण झालं. ५,००० रुपये शुल्क आणि पर्यावरण कर भरून आरटीओत गाडी दाखवली, पुढच्या पाच वर्षांचं आरसी मिळालं. बाईंनी गाडी ठेवली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच गॅरेजमध्ये एक प्रश्न विचारला गेला असता तर सगळं लवकर आटोपलं असतं: आवाज सुरू होण्याआधीच्या सहा महिन्यांत गाडीचं कोणतं काम झालं? सस्पेन्शनचं काम विचारलं गेलं होतं. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येणार होतं. ब्रेकचं काम बाईंच्या मनात वेगळ्या खात्यात होतं, म्हणून त्यांनी आपण होऊन सांगितलं नाही. यात त्यांची चूक नाही. कोणत्या कामाचा आवाजाशी संबंध आहे हे मालकाने ठरवायचं नसतं, म्हणून ‘कोणतंही काम’ असंच विचारायला हवं.

ट्रायलची जागाही वेगळी हवी होती. गॅरेजच्या दारातले गतिरोधक सोयीचे असतात, पण ते फक्त मोठ्या धक्क्यात वाजणारे भाग दाखवतात. मालकाने ज्या रस्त्यावर आवाज ऐकला त्या रस्त्यावर, मालकाच्याच हातात गाडी देऊन, मिस्त्रीने शेजारी किंवा मागे बसायला हवं. यात अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी देत नाही, ही गॅरेजवाल्यांची अडचण खरी आहे. माझं मत असं, की मालकाने ते पैसे स्वतःहून देऊ करावेत. आवाज शोधण्याची मजुरी वेगळी, भाग बदलण्याची वेगळी. बाईंनी आमच्या मिस्त्रींना तपासणीचे वेगळे पैसे दिले, आणि भाग विकण्याची गरज उरली नाही तेव्हा ते मोकळेपणाने ऐकू लागले.

लिंक रॉड बदलण्याचा निर्णय मी आजही चुकीचा म्हणणार नाही. ते गेलेलेच होते, आणि मोठा खट गेल्यामुळेच बारीक टकटक वेगळी ऐकू आली. शॉकअप माउंटिंग मात्र ‘सोबत’ बदलली गेली, आणि जुनी माउंटिंग कोणी पाहिलीच नाहीत. काढलेले भाग मालकाने मागून घ्यावेत. बाईंनी मागितले असते तर त्यातलं काय खरंच खराब होतं ते कळलं असतं.

एक गोष्ट अजून शिल्लक आहे. या हिवाळ्यात सकाळी गाडी गल्लीतून बाहेर काढताना डावीकडून हलकी करकर येते. ब्रेक टेकवला तरी थांबत नाही, आणि गाडी थोडी चालली की जाते. लोअर आर्मच्या त्याच चिरलेल्या बुशची असण्याची शक्यता जास्त आहे. दर सर्व्हिसला बुश पाहायचे, रबर धातूपासून सुटू लागलं की दोन्ही लोअर आर्म बदलायचे, रॅकला हात लावायचा नाही, असं ठरलं आहे. वहीत त्यासाठी नवं पान सुरू झालं आहे, आणि त्यात हवेचं तापमान हा रकाना यावेळी बाईंनी स्वतःच घातला.